डाव्या पायाची घुंगरं

संपादकांचं पत्र आलं की, दिवाळी अंकासाठी संस्थानी काळातल्या नाचाबद्दल काही लिहून पाठवा. मी ते दोनदा वाचलं आणि बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला नाचातलं काय कळतं?" तिचं बरोबर आहे. मी कधी नाचलो नाही, गायलो नाही, तबल्यावर हात ठेवला नाही. मी पटवेकरी. देवासला टेकडीखालच्या दुकानात पन्नास वर्षं बसलो आणि नाचणारांची घुंगरं गुंफली. नाच मी पाहिला तो घोट्यापासून खाली. म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो. त्यात एक गोष्ट अशीही आहे, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

पटवेकरी म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. सोनार दागिना घडवतो, पण तो गळ्यात नीट बसावा म्हणून जो गोफ, जे रेशीम आणि जी गाठ लागते ती आमची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेमागून माळव्यात आले. इथे लोक आम्हाला पटवा म्हणू लागले आणि आम्हीही ‘ओ’ देऊ लागलो. घरात मराठी, दुकानात माळवी आणि सरदारांच्या वाड्यावर ज्याला जी कळेल ती, अशी आमची बोली. दागिने गुंफणारे पुष्कळ होते. घुंगरं गुंफणारं घर मात्र देवास आणि धार या दोन्ही गावांत आमचं एकच होतं.

घुंगरू ओतीव पितळेचं. पोटात लोखंडाची गोळी, खाली चिरलेलं तोंड. पोतं आलं की पहिलं काम निवडण्याचं. एकेक कानाशी धरून हलवायचं आणि ढीग लावायचे, बोलकी एकीकडे, बसक्या आवाजाची दुसरीकडे. ज्याची गोळी अडकली आहे ते मुकं, ते परत पोत्यात. दोरी सुताची, तीन पेडांची. ती हळदीच्या पाण्यात भिजवून दोन खुंट्यांमध्ये ताणून वाळवायची, मग तिला मेण चोळायचं. नाहीतर पहिल्याच नाचात ढिली पडते. मग एक घुंगरू, एक गाठ, परत एक घुंगरू, एक गाठ. शेवटी दोन्ही पायांचे सर तराजूच्या दोन पारड्यांत टाकायचे. काटा मधोमध उभा राहिला की जोड तयार झाला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं आणि मी ते वेदवाक्य मानलं.

गिऱ्हाईक बदललं की घुंगरं बदलतात. जयपूर-लखनौकडच्या कथकवाल्यांना लहान घुंगरं पुष्कळ लागतात, एकेका पायाला शंभरावर, कारण त्यांचा सगळा खेळ पावलांचा. लावणीवाल्या बायकांना थोडी पण जड लागतात, ढोलकीच्या वर ऐकू आली पाहिजेत. तंजावरकडची एक बाई आपल्या गुरुजींबरोबर देवासला आली होती. तिची घुंगरं कातड्याच्या पट्ट्यावर तीन ओळींत शिवलेली होती आणि पट्टे प्रवासात भिजून कुजले होते. आबांनी कातड्याला हात लावायला नकार दिला, गुरुजींनी सुताच्या दोरीला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, भांडण मात्र व्यवस्थित झालं. अखेर जाड खादीचे सहा पदर एकत्र शिवून त्यावर घुंगरं बसवली. बाईनं दुकानातच गुडघे बाहेर काढून अर्धवट बसल्यासारखं केलं आणि त्याच बैठकीत पाय आपटून पाहिले. तशी तऱ्हा मी प्रथमच पाहत होतो. फळीवरची रेशमाची रिळं खाली आली, आणि गुरुजी प्रथमच हसले.

धारच्या बाजारात होळीच्या आधी भिल्ल येत. त्यांच्यात पुरुषही घुंगरं बांधून नाचतात, पण कमरेला. बाघकडच्या एका भिल्लानं माझ्याकडून मोठाल्या घुंगरांचा पट्टा करून घेतला. म्हणाला, "ई टेकरी पे नाचूं ने ऊ टेकरी पे सुणई दे, असो बणाव." पट्टा झाला आणि माझी पंचाईत झाली. कमर एकच, जोड नाहीच, मग तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकू काय? मी पारडं हातात धरून बसलेला पाहून तो म्हणाला, "इनके तोलनो कंई, भिया? नाची ने देखी लां." आणि भर बाजारात तो नाचून पाहू लागला. कांदे विकणाऱ्या बायका टोपल्या आवरून बाजूला झाल्या. मी मनातल्या मनात हसलो. रानातला माणूस, याला तराजूचं काय कळणार, असं मला वाटलं. तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

देवासची गंमत वेगळी. एकाच गावात दोन राज्यं, रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती आणि पलीकडे धाकटी. अलीकडच्या एका मानकऱ्यांच्या पदरी एक नाचणारी होती, पलीकडच्या एकांच्या पदरी दुसरी. अलीकडचीनं पायाला दीडशे घुंगरं बांधली की पलीकडून एकशे साठांची मागणी यायची. असं चढत चढत दोनशेंवर गेलं. शेवटी त्या दोघी वेगवेगळ्या वेळी आबांकडे आल्या आणि दोघींनी हात जोडले की, आता पाय उचलत नाही हो. आबांनी दोघींना पातळ पत्र्याची पोकळ घुंगरं गुंफून दिली. घुंगरं दोनशे, वजन निम्मं. पुढे कित्येक वर्षं दोन्ही वाड्यांवर दोनशे घुंगरांचा मान चालला, आणि एकीचं दुसरीला कधी कळलं नाही. मलाही कळलं नाही. गिऱ्हाइकाच्या पायाची गोष्ट ज्यानं गुंफली त्याच्याजवळच राहिली पाहिजे, घरातसुद्धा बोलायची नाही, हा आबांचा नेम. ही दोनशे घुंगरांची गोष्ट त्यांनी मला सांगितली ती फार उशिरा. वेळेवर सांगितली असती, तर पुढचं काही घडलं नसतं.

आता गेंदाबाईंकडे येतो. गेंदाबाई जयपूरकडच्या. ठेंगण्या, सावळ्या, समोरून आल्या तर भाजी घ्यायला निघालेली कोणी बाई वाटावी. धारच्या एका सरदारांच्या पदरी त्या वीस वर्षं कथक नाचत होत्या. सरदारांचं नाव लिहीत नाही, त्यांचे नातू आजही मला रस्त्यात थांबून विचारपूस करतात. वाड्यामागे गेंदाबाईंना राहायला दोन खोल्या होत्या. तिथे त्या आणि त्यांचे सारंगीवाले रमजू मियाँ राहत. मियाँ सत्तरीचे. बाई त्यांना मामू म्हणत. नात्याचे नव्हते, पण दोघांनाही दुसरं कोणी नव्हतं. वाड्यात वीस वर्षं काढल्यामुळे बाई मराठी बोलत, मधूनमधून हिंदी मिसळून.

त्यांची घुंगरं दरवर्षी नवरात्रात नव्या दोरीत गुंफायची. ते काम आबा स्वतः करत. देवासहून बैलांच्या दमणीनं इंदूर, तिथून धार, असा प्रवास करून ते जात आणि चार दिवस राहत. मला कधी बरोबर नेलं नाही. मला वाटे, मान मिळतो तो एकट्याला हवा असेल.

त्या वर्षी पितृपक्षात आबा आजोबांचे पिंड द्यायला नेमावरला गेले आणि नर्मदेवरच तापानं आडवे झाले. निरोप आला की, उठायला पंधरा दिवस लागतील, धारचं काम यंदा तू कर. एवढाच निरोप. बाकी काही नाही.

मी धारला पोचलो तेव्हा तिथली हवा बदललेली होती. थोरले सरदार वारले होते. चिरंजीवांनी नवे कारभारी आणले होते. ते पूर्वी रिसाल्यात होते आणि त्यांना घोड्यांतलं फार कळत असे. त्यांनी ठरवलं की, पदरच्या प्रत्येकानं दसऱ्याच्या दरबारात आपलं काम करून दाखवायचं. पहिलवानानं कुस्ती, गवयानं गाणं, नाचणारीनं नाच. जो कामाचा दिसेल तो राहील, नाही तो दिवाळीच्या आत जागा सोडेल. गेंदाबाईंनी घुंगरांचं लाल बासन माझ्यापुढे ठेवलं तेव्हा मामूंनी हे मला सांगितलं.

"आबा नाही आले?" बाईंनी विचारलं.

"तापानं पडलेत, नेमावरला. दसऱ्यापर्यंत उठणार नाहीत."

बाईंनी बासन जवळ ओढलं आणि परत पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "पटवेदादा, फक्त दोरी नवी घाला. घुंगरू इकडचं तिकडं करायचं नाही. जसं आहे तसंच."

"जैसा का तैसा, बेटा," मामू म्हणाले.

मला राग आला. आबांना कधी असं बजावलं असेल का? पोरसवदा म्हणून माझ्यावर भरवसा नाही, असं मी धरून चाललो.

उतरलो होतो तिथल्या ओसरीवर बसून मी जुनी दोरी उसवली. डावा सर मोजला, घुंगरं एकशे चोवीस. उजवा मोजला, एकशे एक. परत मोजलं. तेवढीच. डाव्या सरात निवडक बोलकी घुंगरं, मोठ्या तोंडाची. उजव्या सरात दर चौथं मुकं. उलटं करून पाहिलं तर त्याच्या तोंडात मेण.

दोरीला चोळायचं आमचंच मेण ते. ओळखीचा रंग, ओळखीचा वास. आणि मला एकदम सगळा उलगडा झाला, म्हणजे तसं वाटलं. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. घरी ते कबूल करत नसत, सुईत दोरा मात्र आईकडून ओवून घेत. त्यांना दिसलं नसेल. मोजताना चुकले असतील, मेणाचे हात घुंगरांना लागले असतील, आणि हे वर्षानुवर्षं चाललं असेल. बाईंनी माणुसकीखातर सांभाळून घेतलं असेल. आयुष्यभर ज्यांचा काटा हलला नाही, त्या माणसाचं असं व्हावं! मला रडू आलं. त्या ओसरीवर बसून मी खरोखर रडलो.

मग डोळे पुसले आणि कामाला लागलो. सुई तापवून एकेका घुंगराचं मेण काढलं. सगळी घुंगरं एकत्र करून सारखी वाटली. एक कमी पडत होतं, ते माझ्याजवळचं नवं घातलं. एकशे तेरा डावीकडे, एकशे तेरा उजवीकडे. बोलकी आणि बसकी दोन्हीकडे सारखी. तराजूत टाकले तर काटा रेसभर हलला नाही. कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं असतं तर आबांचं नाव गेलं असतं. गुपचूप दुरुस्त करायचं आणि गुपचूप नेऊन द्यायचं. आयुष्यात एवढ्या मायेनं मी दुसरं काम केलेलं नाही.

खंडेनवमीला सकाळी जोड नेऊन दिला. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. नाचणारीचं हत्यार घुंगरू. सारंगी, तबला आणि घुंगरं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. एकदा पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याचं पहिलं काम होईपर्यंत हातात घ्यायचं नाही, हा रिवाज. त्यामुळे बाईंनी ती घालून पाहिली नाहीत. नुसती लांबून पाहिली आणि म्हणाल्या, "दोरीचा रंग छान आलाय."

दरबार दसऱ्याला दुपारी होता, सीमोल्लंघनाला निघण्याआधी. नव्या दोरीचा पहिला नाच असला की पटवेकऱ्यानं जवळ हजर राहायचं, ही आमची रीत. दोरी तुटली, गाठ सुटली तर तिथल्या तिथे बघायला. मी सुई, दोरा आणि कातर घेऊन खांबाला टेकून बसलो. गादीवर तरुण सरदार, शेजारी कारभारी, दोन्ही बाजूंना जुनी मंडळी.

बाईंनी कोपऱ्यात बसून घुंगरं बांधली, पुढे येऊन सलाम केला. सुरुवात संथ असते. उभं राहणं, मान, मनगट, भुवई. तिथवर सगळं सुरेख. मग लय वाढली आणि पावलं सुरू झाली. ता थेई थेई तत्. आणि मला ऐकू आलं.

उजवा पाय पडला की खणखणीत. डावा पडला की अर्धा. परत उजवा भरलेला, डावा अर्धा. प्रथम वाटलं, डाव्या सराची घुंगरं अडकली असतील. पण घुंगरं मी तपासलेली होती. घुंगरं सारखीच होती. पाय सारखे नव्हते.

आबा दरवर्षी चार दिवस इथे काय करत होते, ते मला त्या क्षणी कळलं. डावा पाय कमी पडत होता म्हणून डावीकडे जास्त घुंगरं, जास्त बोलकी. उजवा जोरात पडत होता म्हणून तिकडे कमी, आणि त्यातली काही मेण घालून मुकी केलेली. पाय वेगळे, आवाज एक. तराजूवर खोटा आणि कानाला खरा, असा जोड आबांनी बसवला होता. मी तो दोन दिवसांत सारखा करून टाकला होता.

मामूंचा गज तारांवर अडखळला. जुनी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कारभारी पुढे वाकले, पायांकडे पाहिलं आणि सरदारांना म्हणाले, हळू नाही, चांगलं ऐकू येईल असं, "डावी टाप हलकी पडतेय." कोणीतरी हसलं.

बाईंनी समेवर पाय आणून थांबवला, सलाम केला. "हुजूर, घुंगरू जरा पाहून घेते. पटवेदादा!"

मी जाऊन त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी डावा पाय पुढे केला. वाकून, दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "जोड बराबर केला तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "आबांची चूक झाली होती, म्हणून..."

"चूक नव्हती."

पाय माझ्या समोरच होता. घोट्याचं हाड एका अंगाला सरकून जुळलेलं स्पष्ट दिसत होतं. कातर माझ्या उजव्या हातात होती. बाईंनी कातरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

आता जे लिहितो आहे ते नीट समजावं म्हणून सांगतो. नाचताना दोरी तुटली तर दोष पटव्याचा, नाचणारीचा नाही. हे सगळ्या दरबारांत ठाऊक असे. दोरी तुटून घुंगरं सांडली की तो नाच मोडला, नवी दोरी गुंफून होईपर्यंत तो पुढे ढकलावाच लागे. एक कातर मारायची, घुंगरं बैठकीवर विखुरली असती, कारभाऱ्यांनी मला चार शब्द सुनावून हाकललं असतं, आणि त्या वाड्याचं काम आमच्या हातून गेलं असतं. बाईंना मात्र चार दिवस मिळाले असते. चार दिवसांत मी ती घुंगरं आबांसारखी बसवून दिली असती, रात्रंदिवस बसून दिली असती. एवढं सगळं मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

मी कातर दाबली नाही.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. दरबारी नाचाची ती माझी पहिली दोरी होती. आबांशिवाय गुंफलेली, हळदीत भिजवून ताणलेली, एकशे तेरा गाठींची. पहिल्याच दरबारात ती तुटली असं लोकांनी म्हणावं, हे मला सहन होईना. बस्स, एवढंच कारण. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच वाकून दोन्ही पायांचे सर सोडले, माझ्या मांडीवर ठेवले आणि गादीसमोर बसल्या. "हुजूर, आता बसून भाव करते," म्हणाल्या. कथकात ही चाल आहे. गाण्याची एक ओळ घ्यायची आणि बसल्या जागी, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी, तिचे निरनिराळे अर्थ दाखवायचे. मामूंनी सूर धरला. कोणी येणार आहे आणि त्याची वाट पाहणारी बाई, एवढीच ओळ. बाईंनी ती सात वेळा घेतली. एकदा रुसून, एकदा हसून, एकदा दार लावून घेत, एकदा ते परत उघडत. जुनी मंडळी गुडघ्यावर हात मारून ‘वाहवा’ म्हणत होती. थोरल्या सरदारांच्या वेळचे एक म्हातारे मानकरी डोळे पुसत होते. मी आयुष्यात प्रथमच नाच घोट्याच्या वर पाहिला.

झाल्यावर कारभारी म्हणाले, "छान. पण उभं राहणं होत नाही, असं दिसतं." त्यांच्यावर मी राग धरत नाही. त्यांना जे दिसलं ते ते बोलले, आणि ते त्यांना मी दाखवलं होतं.

दिवाळीच्या आधी गेंदाबाई आणि मामू उज्जैनला गेले. मी निरोपाला गेलो नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती.

आबा कार्तिकात घरी आले, काठीला टेकत. ओसरीवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "धारचं काम कसं झालं?" मी घुंगरांची सगळी हकीकत सांगितली. आबा ओसरीवर बसले. मग म्हणाले, "प्लेगच्या साथीत गाव सोडून सगळे रानात राहायला गेले होते, तेव्हा पडली ती. हाड वेडंवाकडं जुळलं. मी आठ दिवस तिच्याकडे पाठ करून बसलो आणि तिला चालायला लावलं. कानानं एकेक घुंगरू लावलं होतं मी."

"मला वाटलं, तुमचे डोळे..."

"डोळे गेले असं वाटलं तुला? मग विचारायचं होतंस."

"तुम्ही सांगायचं होतंत," मी म्हणालो. आबांना उलटून बोललो तो तेवढा एकदाच.

त्या हिवाळ्यात रोज दुपारी आबा मला जवळ बसवून एकेका गिऱ्हाइकाच्या पायाची गोष्ट सांगू लागले. त्या दोनशे पोकळ घुंगरांची गंमतही तेव्हाच कळली. आयुष्यभराचा नेम त्यांनी माझ्यासाठी मोडला. कातरीचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही ते माझ्या पोटातच होतं.

त्यानंतर मी काम बदललं. जोड मागायला कोणीही येवो, आधी त्याला दुकानात दहा वेळा इकडून तिकडे चालायला लावायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून ऐकत बसायचं. लोक हसत. "पटवा भिया को देखो, गिराक को पीठ दिखा के बैठे हैं!" पण चालणं ऐकायला लागल्यावर कळलं की, दोन्ही पाय अगदी सारखे असलेला माणूस क्वचितच असतो. तराजू मी फळीवर ठेवून दिला. त्याच्यावर धूळ बसली.

सात-आठ वर्षांनी उज्जैनहून एक मायलेकी दुकानात आल्या. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, उंच, हसरी. देवासच्या एका वाड्यावर तिचा पहिला नाच होता आणि नवा जोड हवा होता. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "चालून दाखव," आणि भिंतीकडे वळलो.

"त्याची गरज नाही," मुलगी म्हणाली. "बाई बोलल्यात, हिचे दोन्ही पाय ठीक आहेत, तराजू चालेल."

"कोण बाई?"

"गेंदाबाई. त्यांनीच शिकवलं मला."

मी भिंतीकडेच तोंड करून राहिलो. मामूंचं विचारलं, ते वारले होते. बाईंचं विचारलं, बऱ्या होत्या, पाच मुलींना शिकवत होत्या, बसून.

"आणखी काही म्हणाल्या?"

"हो. पहिल्या नाचाला पटवेदादांनी स्वतः येऊन बसायचं म्हणाल्या. कातर घेऊन." मग तिनं आपल्या मनानं विचारलं, "कातर कशाला हो?"

"लागते कधीकधी," मी म्हणालो.

जोड तराजूत घालून करून दिला. फळीवरून तराजू काढताना धूळ झटकली. ठरल्या दिवशी गेलो आणि खांबाला टेकून बसलो. मुलगी उत्तम नाचली. दोन्ही पाय सारखे पडत होते, दोरी नीट राहिली, कोणाला काही विचारावं लागलं नाही. मी पावलं ऐकत होतो आणि कातर उघडी धरून बसलो होतो, पहिल्या सलामापासून शेवटच्या सलामापर्यंत.

घरी आल्यावर जेवायला बसलो तेव्हा बायकोचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठ्यावर आणि बोटांवर कातरीचे लाल वळ उठले होते.

"आज एवढं काय कापलंत?" तिनं विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो.